पतपेढीने मंजूर केलेलं लग्न

माझं पहिलं लग्न मी अठरा वर्षांची असताना झालं. अंबरनाथमधल्या एका कारखान्याच्या पतपेढीत, कर्जाच्या अर्जातल्या 'कारण' या रकान्यात ते पार पडलं. नवरा नव्हता, मुहूर्त नव्हता, वाजंत्री नव्हती. बारा हजार रुपये मात्र मंजूर झाले आणि त्या पैशांवर मी फ्रेंच शिकायला लागले.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी बाबांच्या घड्याळाबद्दल सांगावं लागेल.

बाबा त्या कारखान्यात रेट फिक्सर होते. यंत्रावरचा कामगार एक नग किती वेळात बनवतो हे स्टॉपवॉच हातात धरून मोजायचं आणि त्यावरून एका नगाची मजुरी ठरवायची, हे त्यांचं काम. कामगार त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि मागून 'घड्याळवाला'. ते घड्याळ घरीही यायचं. एकदा त्यांनी आईच्या पोळीला वेळ लावली. त्यानंतर आठवडाभर त्यांना पोळी मिळाली ती आईच्या सोयीच्या वेळेला.

पण बाबा न्यायी होते. मोजलेल्या वेळेत ते नेहमी जादा वेळेची सवलत धरायचे. थकव्याची इतके टक्के, पाणी प्यायला जाण्याची इतके, हत्याराला धार लावण्याची इतके. "माणूस म्हणजे यंत्र नाही," असं ते म्हणायचे, आणि किती टक्के नाही तेही सांगायचे.

आता फ्रेंच. अंबरनाथच्या मुलीच्या डोक्यात फ्रेंच शिरायला उल्हासनगर कारणीभूत. आई घरी मुलींचे फ्रॉक शिवून द्यायची आणि त्यासाठी लेस आणायला आम्ही तिथल्या कॅम्पमधल्या एका सिंधी शेठच्या दुकानात जायचो. त्याच्याकडे जुन्या परदेशी लेसचे पुठ्ठ्याचे खोके होते. त्यांवर सोनेरी अक्षरांत फ्रेंचमध्ये काहीबाही लिहिलेलं असायचं. रिकामा खोका झाला की शेठ तो मला द्यायचा. "ले पुट, तेरे काम का." पुट म्हणजे बाळ. माझी पेन्सिल, रबर, रिबिनी सगळं त्या खोक्यांत राहायचं, आणि आपली पेन्सिल कुठल्या शब्दाखाली झोपते हे आपल्याला कळू नये याचा मला फार अपमान वाटायचा.

बारावी झाल्यावर मी घरात जाहीर केलं की मी फ्रेंच घेऊन बी. ए. करणार, जोडीला स्पॅनिश. मुंबईतलं कॉलेज, वर शिकवणीचे वेगळे वर्ग, त्यांची सत्रागणिक फी, आणि परदेशातून येणारी पुस्तकं. आई म्हणाली, "आणि लग्नात रुखवतावर काय लिहिणार, फ्रेंच?"

बाबांनी कारखान्यातला चौकटीचा मोठा कागद आणला आणि माझ्या पदवीचा रेट काढायला बसले.

डाव्या बाजूला खर्च: फी, पुस्तकं, शब्दकोश, रेल्वेचा पास, चपलांचे तळ. हो, तळसुद्धा. उजव्या बाजूला कमाई. कमाईसाठी ते महिनाभर चौकशी करत हिंडले. फ्रेंच शिकलेल्या मुलीला काय मिळतं, हे अंबरनाथमध्ये कोणाला ठाऊक असणार? एकाने शाळेतली नोकरी सांगितली, एकाने विमान कंपनी, एकाने पंचतारांकित हॉटेल. बाबांनी तिन्ही आकडे मांडले आणि तिन्ही मिळण्याची खात्री नाही म्हणून प्रत्येक अर्धा केला. शेवटी व्याजासकट उत्तर आलं: पदवीला घातलेला पैसा वसूल व्हायला सात वर्षं. शेजारीच त्यांनी टायपिंगचा हिशोब केला होता. माझी वर्गमैत्रीण टायपिंगच्या क्लासला जात होती. तिचा पैसा आठ महिन्यांत वसूल.

"सात वर्षं," बाबा म्हणाले. मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. ती मला दिसू नये म्हणून हाताने झाकली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "उद्या पतपेढीत जातो."

पतपेढीचा नियम असा होता की शिक्षणासाठी तीन हजार मिळत, तेही फक्त तांत्रिक शिक्षणाला. फ्रेंचला त्यात कुठे बसवणार? घरदुरुस्तीला पाच हजार. मुलीच्या लग्नाला मात्र बारा. एका नगाच्या मजुरीत पैशाचाही घोटाळा न करणाऱ्या माझ्या वडिलांनी जन्मात एकदाच खोटं लिहिलं. कारण: मुलीचे लग्न. अर्जावर जामीनदार म्हणून सही केली त्यांच्या खात्यातल्या एका फिटरने. हे काका पालेगावचे, शेती सांभाळून कारखान्यात येणारे. बाबांशी रेटवरून रोज भांडायचे आणि बाबांसाठी कुठेही सही करायचे.

अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. लग्नातून हे बारा हजार कसे वसूल होणार, असं एकानेही विचारलं नाही.

बाबांच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. लग्नाचं कर्ज मंजूर झालं की बातमी फुटते. आणि त्या खात्याची एक जुनी रीत होती: कोणाच्याही घरी लग्न निघालं की वर्गणी काढून स्टीलचा मोठा डबा घ्यायचा आणि त्यावर नाव कोरायचं. दिवाळीच्या आधीच डबा आमच्या घरी आला, बाबांच्या बरोबरच्या दोघांनी तो खांद्यावरून आणला. त्यावर माझं नाव, 'चि. सौ. कां.'सकट. पुढे 'आणि चि.' आणि त्यापुढे चार बोटं कोरी जागा. खाली 'यांच्या विवाहाप्रीत्यर्थ खात्यातर्फे सप्रेम भेट'.

"नाव कळलं की कोरून टाकू," ते म्हणाले. "कोरणाऱ्याला आगाऊ पैसे दिलेत."

आईने त्या डब्यात गहू भरले आणि कोरी जागा भिंतीकडे फिरवून ठेवली.

मग एका रविवारी पतपेढीचे सचिव घरी आले. कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. एक खिळा द्यायचा तरी दोन सह्या घेणारे. चहा झाला, चिवडा झाला. मग म्हणाले, "फाईलला लग्नपत्रिका लावावी लागते. तारीख काय धरलीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना आकड्याशिवाय बोलता येत नसे आणि इथे आकडा नव्हता. म्हणून मी मधे पडले. मला अजूनही वाटतं की मी ते बाबांसाठी केलं, पण खरं सांगायचं तर मला मजा आली.

"मुलगा फ्रान्सला असतो," मी म्हणाले. "त्याचं शिक्षण पुरं व्हायचंय."

सचिवांनी कप खाली ठेवला. "फ्रान्सला? आणि कसा आहे?"

माझ्यापुढे आमचं पाठ्यपुस्तक उभं राहिलं. चौथ्या धड्यातले एक गृहस्थ. "उंच आहे," मी म्हणाले. "स्वभावाने चांगला आहे. रोज सकाळी पाव आणायला जातो. भेटेल त्याला नमस्कार करतो, हवा कशी आहे ते विचारतो, मग स्टेशनचा रस्ता विचारतो."

"तिथे राहतो ना? मग स्टेशनचा रस्ता कशाला विचारतो?"

"नम्र आहे," मी म्हणाले.

सचिव निघून गेल्यावर बाबा म्हणाले, "पुढचा धडा कसला आहे?"

"दवाखान्याचा."

"त्याला आजारी पाडू नकोस."

पण बातमी खात्यात गेली आणि आमचा भाव वधारला. फ्रेंच शिकतेय म्हटल्यावर जे लोक 'बिचारी' म्हणायचे, तेच आता "तिकडे जायचंय ना, भाषा यायला नको?" असं एकमेकांना समजावू लागले. तीच मी, तेच बारा हजार, तीच क्रियापदं. फक्त पाव आणायला एक माणूस जात होता.

संक्रांत झाली आणि पालेगावचे जामीनदार काका दारात उभे राहिले. टेम्पो करून आले होते. टेम्पोत तांदळाचं अख्खं पोतं.

"ह्यो आपल्या शेतातला," ते म्हणाले. "जुना करून ठेव. पोरीचं लगीन हाय, कंट्रोलचा तांदूल घालशील का पंगतीला? माजी सही हाय कागदावर."

बाबा त्या पोत्याकडे बघत राहिले. डबा त्यांनी सहन केला होता, पत्रिकेचा प्रश्न सहन केला होता. पण शेतकऱ्याच्या घरातला तांदूळ त्यांना खोटेपणाने घेता येईना. त्यांनी काकांना बसवलं आणि सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं. फ्रान्सचा जावई पुस्तकातला आहे हे ऐकून ते माझ्याकडे वळले.

"काय गो, म्हंजे लगीन नायच?"

"नाही काका."

"मंग हा भात परत नेऊ?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ही फ्रेंच शिकून काय मिलल?"

बाबांनी कपाटातून तो चौकटीचा कागद काढला. काकांनी तो हातातही घेतला नाही. "मना दाखवू नको. तुज्या कागदावर आमचा रेट कदी बरोबर आलाय? कमिटीला दाखव. मी येतो संगती. सही माजी हाय."

पोतं मात्र त्यांनी उतरवलं. म्हणाले, टेम्पोचं परतीचं भाडं ठरलेलं नाही.

आता प्रश्न साधा होता. कमिटीने कर्ज एकरकमी परत मागितलं, तर मला पहिल्याच वर्षी वर्ग सोडून टायपिंगला बसावं लागणार होतं. ते पैसे फीमध्ये आणि पुस्तकांत गेले होते. बाबांनी परत भरले नाहीत तर ते काकांच्या पगारातून कापले जाणार होते. त्या संध्याकाळी मी कधी नाही ती घाबरले.

पतपेढीची कचेरी म्हणजे कँटीनला लागून असलेली पत्र्याची खोली. टेबलामागे सचिव आणि तीन सभासद. बाबांनी आधी खोटं लिहिल्याचं कबूल केलं. मग कागद टेबलावर पसरला. सचिवांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"साहेब, हे तर तुमच्याच हिशोबाने तोट्यात आहे."

"हो," बाबा म्हणाले.

"सात वर्षं. टायपिंगला आठ महिने."

"हो."

"आणि तरी कर्ज काढलंत?"

"खाली वाचा."

सचिवांनी वाचलं. मग थांबून मोठ्याने वाचलं. "सवलत. मुलीची आवड. पंधरा टक्के."

तीच ती झाकलेली ओळ. मी खाली बघितलं.

सभासदांपैकी एक लेथवरचा टर्नर होता. तो खुर्चीत पुढे सरकला. "घड्याळवाले साहेब, माझ्या लेथला पाणी प्यायची सवलत तीन टक्के आहे. मी पाच वर्षं भांडतोय, चार करा. तुम्ही म्हणता बसत नाही. आणि पोरीला एकदम पंधरा?"

"तिचं मोजलंय मी," बाबा म्हणाले. "तीन तास बसते, मधे उठत नाही. पाण्याची सवलत तिने घेतलेलीच नाही. ती यात वळती केली."

खोलीत सगळ्यात आधी हसले ते पालेगावचे काका. मग टर्नर हसला. सचिव हसले नाहीत. ते नियमांचं पुस्तक चाळत होते.

"नवरी मुलगी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी पुढे झाले. "ते फ्रान्सचे पाहुणे कुठे असतात?"

"चौथ्या धड्यात."

"स्टेशन सापडलं त्यांना?"

"पाचव्यात सापडतं. दवाखान्याच्या शेजारीच."

ते मान डोलावून पुन्हा पुस्तकात गेले. मग म्हणाले, "मार्चअखेर हिशोब तपासणीस येणार. लग्न झालं नाही, तर कर्ज परत मागावंच लागेल. एक वाट आहे. कारण बदलून 'व्यवसाय' असं लावता येतं. पण मग व्यवसाय दिसला पाहिजे. या भाषेवर या मुलीने पैसे मिळवल्याची एक पावती आणा. एकच. पण मार्च संपायच्या आत, आणि खरी. या घरातलं खोटं आता पुरे."

माझ्या हातात सात आठवडे होते आणि फ्रेंच होतं पाच धड्यांपुरतं. मी कॉलेजात विचारलं, वर्गात विचारलं. अनुवादाची कामं पदवीधरांना मिळत. तीन आठवडे असे गेले. मग आईला लेस हवी होती म्हणून मी उल्हासनगरला गेले, आणि रडगाणं गावं तसं शेठला सगळं सांगितलं.

शेठ गजाने लेस मोजत होता. त्याचा हात थांबला. "फ्रेंच? फ्रेंच की तो एक चिट्ठी पड़ी है मेरे पास."

"कुठे?"

"भगवान के पीछे."

त्याचा मेव्हणा आफ्रिकेतल्या एका बंदरात कापडाचं दुकान चालवायचा. तिथे फ्रेंच चालायची. मेव्हण्याच्या ओळखीने शेठचे लेस लावलेले फ्रॉक तिथल्या एका बाईंकडे जायचे. पुढे मेव्हणा स्पेनच्या एका बेटावर राहायला गेला आणि बाईंचं पत्र थेट शेठकडे आलं. जाड कागद, निळी शाई, सुंदर अक्षर. इतकं सुंदर अक्षर म्हणजे मोठी ऑर्डरच असणार, असं धरून शेठने ते झुलेलालच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की तसबिरीबरोबर पत्रालाही अगरबत्ती.

मी गल्ल्याजवळ स्टुलावर बसून पत्र वाचलं. शब्दकोश पिशवीत होताच. अर्ध्या तासाने मला कळलं ते मला सांगवेना.

"बोल ना पुट. कितना पीस?"

"चाळीस," मी म्हणाले. "चाळीस फ्रॉकच्या लेसचा रंग पहिल्या धुण्यात गेला. त्या म्हणतात, असा माल पाठवणाऱ्याला लाज कशी वाटत नाही. बदलून द्या, नाहीतर संबंध संपला."

शेठ उठला, तसबिरीसमोरची अगरबत्ती विझवली आणि परत बसला. "आठ महीना," तो म्हणाला. "आठ महीना मैंने गाली को अगरबत्ती दिखाई."

मग त्याचं ते सिंधी शहाणपण जागं झालं. रागवायला त्याला वेळ नव्हता. गिऱ्हाईक अजून परत मिळण्यासारखं होतं. "लिख," तो म्हणाला. "माफी लिख. पक्का रंग भेजता हूँ, फुकट. और सुन, अक्षर उनके जैसा होना मँगता."

त्या पत्राला मला दोन दिवस लागले. दवाखान्याच्या धड्यातलं 'मला फार वाईट वाटतं' हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं. तिथे ते पोटदुखीबद्दल होतं. बाबा शेजारी घड्याळ घेऊन बसले: वाचन, विचार, शब्दकोश, कच्चा मसुदा, पक्की प्रत. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले आणि त्यांनी शेठसमोर कागद ठेवला. एका पत्राचा दर अकरा रुपये चाळीस पैसे.

"साईं, दस करो," शेठ म्हणाला.

"मोजून काढलेला भाव आहे. यात घासाघीस होत नाही."

"घासाघीस नहीं करेंगे तो बाजू के दुकानवाले सोचेंगे मैं बीमार हूँ."

बाबांनी विचार केला आणि सुचवलं की शेठने चहा पाजावा, म्हणजे बाहेरून घासाघीस चालल्यासारखं दिसेल. दोघं अर्धा तास चहा पीत हातवारे करत बसले. अकरा चाळीस कायम राहिले.

पावतीपुस्तक लेसचं होतं. म्हणून पावतीवर असं आलं: माल, फ्रेंच चिठ्ठी. रंग, निळा. गज, दीड पान. सचिवांनी ती उलटसुलट करून पाहिली, शेठच्या दुकानाचा शिक्का उजेडात धरून तपासला, आणि फाईलला लावली. कारण: व्यवसाय. मी वर्गात परत गेले.

सव्वा महिन्याने बाईंचं उत्तर आलं. ते मी वाचेपर्यंत शेठने तसबिरीच्या जवळपासही नेलं नाही. ऑर्डर होती. मग मेव्हण्याच्या बेटावरून स्पॅनिशमधली बिलं यायला लागली. मग शेजारचा बटणवाला आला, त्याच्या मागून झिपवाला. नव्वद साल उलटेपर्यंत मी कॅम्पमधल्या पाच दुकानांची पत्रं लिहीत होते, आणि विमान कंपनी, हॉटेल असली जी कमाई बाबांनी मांडली होती, तिच्याकडे मी कधी फिरकलेच नाही. कर्जाचा हप्ता बाबांच्या पगारातून कापला जाई आणि मी तेवढे पैसे पहिल्या तारखेला त्यांच्या हातात ठेवी. फार श्रीमंत झाले असं नाही. टायपिंगवाल्या मैत्रिणीने बेलवलीत फ्लॅट घेतला तेव्हा मी अजून नगावर होते. तिने मला वास्तुशांतीला बोलावलं आणि मी पोटभर जेवून आले.

पुढे माझं दुसरं, म्हणजे खरं लग्न ठरलं. नवरा बदलापूरचा. त्याला स्टेशनचा रस्ता माहीत होता. डबा भिंतीकडून पुढे फिरवला आणि कोऱ्या जागेत नाव कोरून घेतलं. कोरणारा आता वेगळा होता, त्यामुळे नवऱ्याचं नाव माझ्यापेक्षा बारीक अक्षरांत आहे. सचिवांनी एक पत्रिका जादा मागून घेतली. फाईलला, म्हणाले. पालेगावचे काका पुन्हा पोतं घेऊन आले. तोवर त्यांच्या शेताच्या कडेने इमारती उठायला लागल्या होत्या, पण तांदूळ घरचाच होता.

अक्षता पडायला वेळ होता. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून काकांशी बोलत होते. बाबांच्या खिशात तो जुना चौकटीचा कागद होता, घड्यांवर फाटलेला.

"मी सात वर्षं काढली होती," ते म्हणाले. "चार वर्षं दोन महिन्यांत वसूल झालं. सवलत न धरता."

"म्हंजे?"

"म्हणजे रेट चुकला माझा."

काकांनी मांडवात बसलेल्या अख्ख्या खात्याकडे तोंड केलं. "आयकलात का रं? घड्यालवाला म्हनतो, रेट चुकला."

चहाच्या वाटेवर असलेले लोक परत फिरले. नोकरीतले, निवृत्त झालेले, सगळे बाबांभोवती गोळा झाले. प्रत्येकाला ते वाक्य बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि बाबांनी ते प्रत्येकाला ऐकवलं. सगळ्यांत शेवटी तो टर्नर आला. केस पांढरे झाले होते. त्याने चार बोटं वर केली.

गुरुजी "मुलीचे वडील, मुलीचे वडील" म्हणून हाका मारत होते. मी अंतरपाटाच्या अलीकडून वाकून पाहिलं. मुलीचे वडील माझ्याच लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने लेथचा हिशोब नव्याने मांडत होते, आणि टर्नर शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.